आधी लाइट, मग दार

दिघेबाईंसमोर ओव्हनबद्दल ‘बिघडला’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

“बिघडला नाही, थांबलाय,” त्या म्हणायच्या. “आणि का थांबलाय ते वर लिहून सांगतोय. तुमच्या घरातलं रुसलेलं माणूस एवढं करतं का?”

नाही करत. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच घरात करत नव्हतं. म्हणून बायका गप्प बसायच्या आणि बाईंच्या मागून आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या शिरायच्या. बाई आधी ओव्हनकडे बघायच्याच नाहीत. भिंतीवरचा बल्ब लावायच्या आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहायच्या. तो पिवळा, मलूल असला की म्हणायच्या, “लाइट कमी आहे. याचा काही दोष नाही. चहा ठेवा.” बल्ब नीट असला तर ओव्हनचं दार उघडून पुन्हा लावायच्या, कान देऊन. खट् असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर फटीतून बोट फिरवायच्या, आणि तिथे हमखास वाळलेल्या कणकेचा तुकडा सापडायचा. लाइट ठीक, दार ठीक, तरीही पट्टीवरचा लाल आकडा जात नसेल, तर मग त्या घरातल्या बाईकडे वळायच्या आणि अगदी हळू विचारायच्या, “आता सांगा, आपण काय केलं?”

आधी लाइट, मग दार, मग आपण. हा त्यांचा क्रम. तो बदललेला त्यांना चालायचा नाही.

हा क्रम शाळेतला. बाई मुलींच्या सरकारी शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. तिथल्या प्रयोगशाळेत रॉकेलचे स्टोव्ह होते आणि कुणीतरी देणगी दिलेला, गोल खटक्याचा एक जुना ओव्हन. केक बसला की मुलगी रडायला लागायची, “मॅडम, मुझसे ही गलती हुई होगी.” बाईंना याचाच राग. व्होल्टेज नाही, ओव्हनचं दार वाकलेलं, आणि ही पोरगी सगळ्यात आधी स्वतःलाच धरून बसते. “मुली पहिला नंबर स्वतःला देतात,” त्या मला एकदा म्हणाल्या. “आणि घरातले पुरुष शेवटपर्यंत स्वतःचा नंबर येऊच देत नाहीत. म्हणून मी तिसरा ठरवून टाकला. पहिला नाही. पण सुटकाही नाही.”

आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजात राहायचो, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. आमचं घर आणि बाईंचं घर यांच्यामध्ये एक सामाईक भिंत. बाईंच्या पलीकडे सोनी भाभी, सराफ्यात दुकान असलेल्या सोनींची बायको. गल्लीत मराठी घरं मोजकीच, तीही अर्धीअधिक हिंदी बोलणारी. बाईंचे यजमान रेल्वेत होते. ते गेले तेव्हा त्यांची मुलगी मीना कॉलेजात होती. पुढे ती बँकेत लागली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि बाई घरात एकट्या राहिल्या. त्यांना कुणी बिचारी म्हटलं तर त्या म्हणणाऱ्याकडे अशा बघायच्या की त्यानं पुन्हा म्हणू नये.

त्या उंच होत्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. घरात सुती साडीवर शाळेतला राखाडी एप्रन, मागे नाडीची गाठ. किराण्याला जातानाही कधीकधी तो काढायचा राहून जायचा आणि दुकानदार त्यांना डॉक्टरीण समजून वजनात हात सांभाळायचा, असं त्या सांगत. आभार मानलेले त्यांना खपत नसत. “थँक्यू नको. डबा धुऊन पाठव,” एवढंच.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. आम्ही उज्जैनची माणसं, यात्रेला सगळं जग आमच्याकडे येतं, तेव्हा आम्ही कुठे जाणार. दिघेबाई टावर चौकात गेल्या आणि सायकल-ठेल्यावर ओव्हन घेऊन आल्या. त्या वर्षांत दुकानांच्या काचा एकदम भरून गेल्या होत्या. काल जे परदेशातून येणाऱ्या पाहुण्याकडे मागावं लागायचं ते आज टावर चौकात दोरीनं बांधून मिळत होतं. तरी डिजिटल पट्टीवाला ओव्हन आमच्या गल्लीत पहिलाच; बाकी काही घरांत तसे पुढे आले. सोनी भाभींनी त्याला कुंकू लावलं. बाईंनी ते लगेच पुसलं. “बटणांत जाईल.”

सोबत एक पुस्तिका आली होती. तिच्यात केक, टर्की आणि कसल्या कसल्या माशांच्या वेळा होत्या, आणि पट्टीवर काही आकडे उमटल्यास जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा, एवढंच शेवटी लिहिलं होतं. केंद्र इंदूरला. माणूस पाठवतो म्हणायचे आणि पाठवायचे नाहीत. बाईंनी त्याची वाट बघितली नाही. आकडा उमटला की त्या त्यांचा क्रम लावायच्या. असं करत करत त्यांनी तीन आकडे ओळखले. ई-१ म्हणजे लाइट. ई-२ म्हणजे दार. एफ-३ मात्र बराच काळ हाती लागत नव्हता.

ई-१ आला की बाई भिंतीवर लाटणं आपटायच्या. ते माझ्यासाठी असायचं. मी विजेच्या कार्यालयात बिलाच्या खिडकीवर बसायचे, त्यामुळे उज्जैनमधल्या व्होल्टेजला जबाबदार मी, असं गल्लीचं मत होतं.

“शोभा, तुझ्या लोकांना सांग, माझी नानकटाई आत आहे.”

“बाई, मी पावत्या फाडते. तारा नाही ओढत.”

“पावती वेळेवर देतेस, मग माल वेळेवर नको द्यायला?”



एफ-३ चं कोडं बाफल्यांनी सोडवलं. बाफले म्हणजे माळव्यातला आमचा रविवार. जाड्या कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. पण फ्रीगंजातल्या घरांत गोवऱ्या कुठे पेटवणार? बाईंचा ओव्हन आला आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या बायका उकडलेले गोळे परातीत घालून त्यांच्या दारात उभ्या राहू लागल्या. पहिली परात छान व्हायची. दुसरी अर्ध्यावर असताना पट्टीवर एफ-३, आणि मग बटणं हाताला दाद द्यायची नाहीत. दुपारनंतर आपोआप सगळं ठीक.

“बहनजी, ये तो संडे मना रिया है,” सोनी भाभी म्हणाल्या.

बाईंनी लाइट बघितली. दार बघितलं. मग परातीकडे बघत उभ्या राहिल्या. परातीत पाण्याचं थारोळं होतं. परदेशातल्या कुठल्याही माणसाला उकडलेली कणीक ओलीच्या ओली ओव्हनमध्ये घालायची बुद्धी झाली नसती, म्हणून पुस्तिकेत ते नव्हतं. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बटणांच्या पट्टीमागे जाऊन बसत होती. “आपण,” बाई म्हणाल्या. “हे आपलंच काम आहे.”

पुढच्या रविवारी त्यांनी गोळे कापडावर निथळत ठेवले. घरातलं नवं कोरं कापड काढलं होतं, भैरवगढच्या छापाचं, लाल बुट्ट्यांचं. तासाभरानं बघतो तर प्रत्येक बाफल्याच्या बुडाला एक सुबक लाल फूल. सोनी भाभी हसून हसून ओट्याला टेकल्या. “जमाईजी आ रहे हैं आज. बोलूँगी, डिजाइन वाले हैं.” बाईंनी एकही कुणाला खाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून भैरवगढला गेल्या, रंग कशाचा असतो आणि किती धुण्यांनी बसतो ते छापणाऱ्यांना विचारून आल्या, आणि पुढे बरेच दिवस ते कापड रोज धुऊन वाळत घातलेलं मला गच्चीतून दिसायचं. त्याचा रंग उतरून गुलाबी झाला तेव्हा ते कायमचं बाफल्यांचं कापड झालं. कापडावर निथळल्याशिवाय कुणाचाही गोळा आत जायचा नाही. घाई करणारीला त्या ते कापडच दाखवायच्या.

त्या स्वतः चुकत नसत असं नाही. एका दिवाळीच्या आधी दिवसभर ई-२, ई-२ चाललं होतं. बाईंनी दाराची फट पुसली, बिजागरी तपासली, इंदूरला फोन लावून तिथल्या माणसाला फैलावर घेतलं. दार लावायच्या, खट् आवाज नाही. संध्याकाळी सोनी भाभी डबा न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

“बहनजी, आप खुद ही तो बंधी हो इससे.”

एप्रनची नाडी सुटून ओव्हनच्या दारात अडकत होती. बाई दार लावायला वाकल्या की प्रत्येक वेळी. त्यांनी नाडी सोडवली, हातात धरून बघितली आणि म्हणाल्या, “दार नाही, आपण. दिघेबाई, शून्य.” मग इंदूरला पुन्हा फोन लावून त्या माणसाला सांगितलं की चूक माझी होती, सकाळचं बोलणं मनात ठेवू नका. त्या माणसाला बहुधा असा फोन त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असावा. पुढे तो बोलावलं की यायचा.

हळूहळू लोक ओव्हन सोडून इतर गोष्टी घेऊनही येऊ लागले. सोनी भाभींची मोठी मुलगी सीमा सासरहून आली होती ती परत जाईना. घरात रोज रडारड. भाभी तिला बाईंकडे घेऊन आल्या, समजूत घाला म्हणून. मी तिथे वाटाणे सोलत बसले होते.

सीमानं सुरुवातच केली, “गलती मेरी ही है, मॅडम. मुझसे एडजस्ट नहीं होता.”

“तुझा नंबर तिसरा,” बाई म्हणाल्या. पुढचं त्या हिंदीतच बोलल्या, पण मला ते आठवतं ते मराठीतच. घरात कमावतं कोण, पोटभर मिळतं का, हे त्यांनी आधी विचारलं. मिळत होतं. मग त्यांनी विचारलं, “दार कसं आहे? तुला माहेरी यावंसं वाटलं तर येता येतं?”

सीमानं आईकडे बघितलं. सोनी भाभी बोलायला लागल्या तर बाईंनी हात वर केला.

“या वेळी कशी आलीस?”

“बर्तन वाली बाई ने बाहर से दरवाजे की कुंडी खोली,” सीमा म्हणाली.

बाई उठल्या, हात धुतले आणि सोनी भाभींना म्हणाल्या, “तिसरा प्रश्न विचारायची गरज नाही. हिला परत पाठवू नका.”

सोनी भाभी काही दिवस बाईंशी बोलत नव्हत्या. पण सीमाला त्यांनी पाठवलं नाही. सीमा मग बाईंच्या स्वयंपाकघरात दिसू लागली, आधी भांडी पुसताना, मग बिस्किटं कापताना.

मीना दर वर्षी मे महिन्यात यायची आणि जाताना आईला पुण्याला चल म्हणायची. हट्टी नव्हती, काळजी करणारी होती, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वय होत चाललं होतं, घर जुनं, जिना उंच. दोघींची एकदा चांगलीच जुंपली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि नंतर बाईंनी मला बोलावून माझ्यासमोर ते पक्कं केलं.

“हे बघ मीना, शोभा साक्षीला आहे. ज्या दिवशी मला हा ओव्हन समजणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन करून तुला बोलवीन. त्याआधी पुण्याचं नाव काढायचं नाही. हे घर माझं आहे, इथला पसारा माझा आहे, आणि तो मला समजतो तोवर मी इथेच राहणार.”

मीनानं मान्य केलं. पण रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणाली, “शोभाताई, तुम्ही बघत राहाल ना? ती स्वतः नाही सांगणार.”

मला कुणाच्या पाठीमागे पहारा ठेवता येत नाही. मी तशीच बाईंकडे गेले आणि त्यांना सरळ सांगितलं की मीनानं मला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

त्या पोळपाट पुसत होत्या. “ठेव,” त्या म्हणाल्या. “पण क्रमानं बघ. आधी लाइट, मग दार. घाईनं तिसऱ्यावर येऊ नकोस.”

“नाही येणार.”

“आणि तिसऱ्यावर आलीस तर मागेही जाऊ नकोस.”

मी तेव्हा हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

त्यानंतरच्या एका दिवाळीला बाईंची नानकटाई नेहमीसारखी घरोघर गेली. दिसायला नेहमीसारखीच, वर बदामाचा काप. तोंडात घातली तर साखरच नाही. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सोनी भाभी दारात येऊन म्हणाल्या, “बहनजी ने शुगर वालों के लिए बनाई होगी. अच्छा सोचा.” त्यांच्या घरात शुगर कुणालाच नव्हती. गल्लीनं ती नानकटाई निमूटपणे संपवली. डबे धुऊन परत गेले.

थंडीत एफ-३ यायला लागला. रविवारीच नव्हे, कधीही. भिंतीवर लाटणं वाजायचं आणि मी जायचे. मी शब्द दिला होता त्याप्रमाणे लाइटपासून सुरुवात केली. आमच्या कार्यालयातला वायरमन आणून खांबापासून मीटरपर्यंतची वायर बदलून घेतली, स्टॅबिलायझर बसवला. आकडा येतच राहिला. मग दार. इंदूरचा माणूस आला, त्यानं दाराची रबरी पट्टी बदलली, बटणांची पट्टीही नवी घातली. निघताना मला दारापाशी घेऊन हळूच म्हणाला, “दीदी, मशीन में तो कुछ है ही नहीं. अंदर पानी ही पानी था.” मी त्याला चहा दिला आणि रवाना केलं.

दरम्यान बाई एका दिवशी दोनदा माझ्याकडे तीच वाटी परत मागायला आल्या. एकदा शाळेची वेळ झाली म्हणून एप्रन घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथून स्वतःच परत आल्या, चेहरा अगदी सरळ ठेवून. मी गच्चीत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

सीमा आता रोज त्यांच्याकडे असायची. बाईंच्या पाठीमागे गॅस बंद करायची, साखर मोजून वेगळी काढून ठेवायची. मला म्हणाली, “दीदी, चल रहा है न. चलने दो.” चाललं होतं. मीनाचा फोन आला की मी वायर आणि दाराची पट्टी बदलल्याचं सांगायचे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

उन्हाळा सुरू व्हायच्या सुमाराचा रविवार. सीमा चुलतभावाच्या मुलाच्या जावळाला देवासला गेली होती. मी बाईंकडे दही मागायला गेले. त्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. झाऱ्यानं उकळत्या पाण्यातून गोळा काढायच्या आणि तसाच, पाणी गळत, ट्रेमध्ये ठेवायच्या. एक, मग दुसरा. गुलाबी झालेलं कापड घडी घालून शेजारच्या खुर्चीवर होतं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ.

“बाई,” मी म्हटलं, “कापड?”

त्यांनी कापडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. “कशाला?”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. चेष्टा नाही, विसरल्याची लाज नाही. नुसता प्रश्न. मी दह्यासाठी आणलेली वाटी ओट्यावर ठेवली. त्यांनी ट्रे आत सरकवला, दार लावलं, बटणं दाबली. मी उभीच राहिले. थोड्या वेळानं काच धूसर झाली, पाणी दाराच्या आतल्या बाजूनं ओघळायला लागलं, आणि तो बारीक टीं टीं आवाज सुरू झाला. एफ-३.

बाईंनी बल्ब लावला. मान वर करून बघितलं. पांढरा, लख्ख. आमच्या कार्यालयाची त्या दिवशी कृपा होती.

“लाइट आहे,” त्या म्हणाल्या.

दार उघडलं. वाफ तोंडावर आली तरी मागे सरल्या नाहीत. पुन्हा लावलं. खट्.

“दार लागतंय.”

मग त्यांचा हात ओव्हनवरच राहिला. त्या त्याच्या पाण्यानं भरलेल्या काचेकडे बघत होत्या, आणि तिथून खाली ओट्यावरच्या ओल्या रेघेकडे, आणि त्या रेघेवरून पातेल्यापर्यंत. शाळेत त्या मुलींच्या ओट्याकडे अशाच बघत असणार. खुर्चीवरचं कापड त्यांनी उचललं, उलगडलं. मी बघितलं, त्यांना ते कापड आठवलं. ते फार वाईट होतं. आठवलं नसतं तर सोपं गेलं असतं.

त्या खुर्चीत बसल्या. कापड मांडीवर.

“शोभा, कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“नानकटाई?”

“हो.”

“लोकांनी खाल्ली?”

“सगळ्यांनी.”

टीं टीं चालूच होतं. मी जाऊन प्लग काढला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच म्हणालात, आधी लाइट आणि दार. वायर बदलली, पट्टी बदलली. आता काही उरलं नाही बदलायला.”

त्यांनी मान हलवली. “क्रम बरोबर ठेवलास,” त्या म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशा. मग मांडीवरचं कापड तळहातानं सारखं करू लागल्या. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं आता त्या म्हणतील, मीनाला सांगू नकोस. तसं म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला सांगता येणार नाही. सीमा होती, मी होते, भाभी होत्या. आणखी एखादं वर्ष रेटता आलं असतं.

त्या उठल्या आणि फोनपाशी गेल्या. नंबर त्यांना पाठ होता. तेवढा अजून होता.

“मीना? आई बोलतेय. नाही, तब्येत छान आहे. ऐक. ओव्हन अगदी चांगला आहे.” मग थोडं थांबून, “हो. तू ये.”

पलीकडे मीना रडत असावी, कारण बाई म्हणाल्या, “रडायचं काय त्यात. कारण सापडलंय.”

मग आत येऊन त्यांनी ट्रेमधले गोळे एकेक करून कापडावर काढून ठेवले.

मीना आठवड्याच्या आत आली. सामान बांधायला सगळी गल्ली लागली. ओव्हन सीमाला द्यायचा, हे बाईंनी परस्पर ठरवलं होतं. तो पलीकडच्या घरी नेला तेव्हा त्या बरोबर गेल्या, सोनींच्या स्वयंपाकघरातला बल्ब लावून बघितला आणि खिडकीच्या खालची जागा दाखवली. कापडही तिलाच दिलं. सीमा त्यांच्या पायाशी वाकली तर त्यांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. “थँक्यू नको,” एवढं म्हणाल्या. त्याच्या पुढचं वाक्य आलं नाही. आम्ही वाट बघितली.

निघायचा दिवस. सकाळची वेळ, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी. मीना सामान लावत होती. सोनी भाभी वाटेतला डबा घेऊन आल्या होत्या आणि नको तेवढं बोलत होत्या. बाईंनी घराचं मेन स्विच स्वतः बंद केलं. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. किल्ली माझ्या हातात दिली. साडी इस्त्रीची होती, घड्याळ मनगटाच्या आत, आणि वरून तो राखाडी एप्रन. मीना काढायला गेली तर मी तिला खुणेनं राहू दे म्हटलं.

टॅक्सीपाशी येऊन त्या थांबल्या.

“लाइट बंद केली,” त्या म्हणाल्या. “दार लावलं.” आणि कपाळाला आठी घालून घराकडे वळून बघितलं. “आणखी काहीतरी बघायचं असतं. तिसरं.”

मीनानं तोंड फिरवलं. सोनी भाभींचं बोलणं बंद झालं. बाई माझ्याकडे बघत होत्या. खिडकीवर बसून मी आयुष्यभर लोकांना उत्तरं दिली आहेत, तेव्हा उत्तर मीच द्यायचं होतं.

“तुम्ही, बाई,” मी म्हटलं. “तुम्ही बसायच्या राहिलात.”

“हां,” त्या म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं. त्या वाकून आत बसल्या, एप्रनच्या दोन्ही नाड्या गोळा करून मांडीवर घेतल्या. ड्रायव्हरनं बाहेरून दार लोटलं. ते नीट लागलं नाही. बाईंनी ते उघडलं, आपल्या हातानं ओढलं आणि कान दिला.

खट् आवाज आला. त्यांनी ड्रायव्हरला मान हलवून खूण केली, आणि टॅक्सी टावर चौकाकडे वळली.